डॉ. ए. अय्यप्पन आणि मद्रासचे वस्तुसंग्रहालय : एका सेवानिवृत्तीचे स्मरण

१९६० साली डॉ. ए. अय्यप्पन मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या अधीक्षकपदावरून निवृत्त झाले. १९४० पासून सलग वीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले होते. निवृत्तीच्या त्याच वर्षी त्यांचे नाव असलेले दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला ग्रंथ वस्तुसंग्रहालयाच्या कार्यपद्धतीचे मार्गदर्शन करणारा होता; त्याचे संपादन त्यांनी एस. टी. सत्यमूर्ती यांच्यासह केले होते. दुसरा ग्रंथ दक्षिण भारताच्या विशेष संदर्भात लिहिलेला बौद्ध धम्माचा इतिहास होता. त्याचे लेखन त्यांनी पी. आर. श्रीनिवासन यांच्यासह केले होते. संग्रहालय कसे चालवावे आणि त्या संग्रहालयातील बुद्ध कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती ठेवून हा अधिकारी आपल्या खुर्चीवरून उठला, असे म्हणावयास हरकत नाही.

अधिकारी निवृत्त होतात, त्यांना हार घातले जातात, गौरवपर भाषणे होतात आणि काही वर्षांत त्यांचे नाव भिंतीवरच्या फलकापुरते उरते. डॉ. अय्यप्पन यांच्याविषयी आपण लिहावे यास मात्र एक खास कारण आहे. ते मलबारच्या इरव समाजात जन्मले होते. हा समाज अवर्ण मानला गेलेला. मंदिराच्या दारापासून आणि अनेक ठिकाणी सार्वजनिक रस्त्यापासूनही दूर ठेवला गेलेला. या समाजातील एक मनुष्य दक्षिण भारतातील सर्वांत मोठ्या बौद्ध शिल्पसंग्रहाचा विश्वस्त झाला, आणि ज्या संस्थेने त्याच्या समाजाची मोजपट्टीने मापे घेतली होती त्याच संस्थेचा तो प्रमुख झाला. या घटनेचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संग्रहालयाचा पूर्वेतिहास

मद्रासचे वस्तुसंग्रहालय १८५१ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख एडवर्ड बाल्फोर हे पेशाने शल्यचिकित्सक होते. पुढे हे संग्रहालय एगमोर भागातील पॅन्थिऑन नावाच्या जुन्या वास्तूत हलविण्यात आले आणि तेथेच ते आजतागायत आहे. प्रारंभी या संस्थेला जोडूनच प्राण्यांचा संग्रह होता. मद्रासच्या सामान्य माणसांनी या दोन्हींना स्वतःची नावे ठेवली. प्राण्यांच्या संग्रहाला ते 'जिवंत कॉलेज' म्हणत आणि पेंढा भरलेले प्राणी, सांगाडे व दगडी मूर्ती असलेल्या संग्रहालयाला 'मेलेले कॉलेज' म्हणत. या नावात थट्टा आहे, पण नुसती थट्टा नाही. ज्या वस्तूंचा अर्थ पाहणाऱ्याला कोणी सांगितलेला नाही, त्या वस्तू त्याच्या दृष्टीने मृतच असतात.

या 'मेलेल्या' संग्रहातच अमरावतीचा महास्तूप होता. कृष्णा नदीच्या तीरावरील हा स्तूप अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराने बांधकामाच्या साहित्यासाठी खणावयास घेतला होता. त्याची वार्ता ऐकून कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचला आणि पुढे १८१६-१७ च्या सुमारास त्याने तेथील शिल्पांची रेखाटने करून घेतली. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट यांनी तेथे उत्खनन केले आणि शिल्पपट्ट मद्रासला पाठविले. ही शिल्पे कित्येक वर्षे उघड्यावर पडून होती. १८५९ मध्ये त्यांतील मोठा भाग जहाजाने लंडनला गेला. पुढे रॉबर्ट सेवेल व जेम्स बर्जेस यांच्या उत्खननांतून आणखी शिल्पे मिळाली आणि ती मद्रासला आली. म्हणूनच आज अमरावतीचा स्तूप मुख्यतः दोन शहरांत विभागलेला आहे: काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि काही भाग चेन्नईत.

अमरावतीखेरीज जग्गय्यपेटचे शिल्पपट्ट, गोली या गावच्या स्तूपाची शिल्पे आणि १८९२ मध्ये अलेक्झांडर री यांना भट्टिप्रोलू येथील स्तूपात सापडलेले धातुकरंडक हेही याच संग्रहालयात आले. भट्टिप्रोलूच्या करंडकांवरील लेख दक्षिण भारतातील अतिप्राचीन लेखांत गणले जातात. त्याशिवाय नागपट्टिणम् येथे १८५६ पासून वेळोवेळी भूगर्भातून निघालेल्या कांस्य बुद्धमूर्ती होत्या. नागपट्टिणम् हे चोळ काळातील मोठे बंदर. तेथे अकराव्या शतकाच्या आरंभी श्रीविजयाच्या शैलेंद्र राजाने चूडामणी विहार उभारला आणि चोळ सम्राट राजराज पहिला याने त्या विहारास आनैमंगलम् हे गाव दान दिले. म्हणजे दक्षिणेत बौद्ध धम्म एकाएकी लोपला असे जे सांगितले जाते, ते या मूर्तींच्या साक्षीपुढे टिकत नाही. समुद्रकिनाऱ्यावर तो पुढेही शतकानुशतके नांदत होता.

हा सर्व ठेवा मद्रासमध्ये असताना त्याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी स्वतःचा बौद्ध वारसा शोधावयास आरंभ केला होता. पंडित अयोत्तीदास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धम्माच्या सारावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९०७ मध्ये निघाला आणि १९४८ मध्ये त्याची नवी आवृत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाली, हे आपल्या वाचकांस ज्ञात आहेच. शिल्पे एका इमारतीत होती आणि त्या शिल्पांचा वारसा सांगू पाहणारी माणसे त्याच शहराच्या वस्त्यांत होती. त्या दोहोंच्या मध्ये एक भिंत होती. ती भिंत विटांची नव्हती.

मोजपट्टी घेऊन उभे असलेले संग्रहालय

ती भिंत कशाची होती हे समजण्यासाठी एडगर थर्स्टन यांच्याकडे वळावे लागते. १८८५ ते १९०८ या काळात ते या संग्रहालयाचे अधीक्षक होते. दक्षिण भारतातील जाती व जमाती यांविषयीचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही संदर्भासाठी उघडला जातो. थर्स्टन यांना मानवी शरीराची मापे घेण्याचा विलक्षण छंद होता. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची उंची व रुंदी मोजण्याची उपकरणे घेऊन ते प्रांतभर हिंडत आणि खुद्द संग्रहालयातही लोकांची मापे घेत. नाक किती रुंद यावरून मनुष्य वंशाने किती उच्च वा नीच हे ठरविता येते, असे त्या काळच्या रिस्ले प्रभृती अधिकाऱ्यांचे मत होते. थर्स्टन यांच्या खंडांत मलबारचे तिय्या आणि इरव येतात, नायाडीही येतात. त्यांची वर्णने येतात, मापे येतात, चालीरीती येतात. फक्त त्यांचा स्वतःचा आवाज येत नाही.

या मोजमापाचे पुढे काय झाले, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. अस्पृश्य मूळचे कोण या विषयावरील १९४८ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हीच शरीरमापनाची आकडेवारी हाती घेतली. डॉ. घुर्ये यांनी संकलित केलेल्या नासिकांकांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, शरीरमापन हे शास्त्र विश्वसनीय मानावयाचे तर त्याचा निष्कर्ष वंशभेदाच्या सिद्धांताच्या नेमका विरुद्ध जातो. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात. ज्या शस्त्राने माणसाची उतरंड सिद्ध करावयाची होती, तेच शस्त्र बाबासाहेबांनी उतरंड मोडण्यासाठी वापरले. बाबासाहेबांनी हे काम ग्रंथात केले. मद्रासच्या संग्रहालयात त्याच सुमारास वेगळ्या प्रकारचे काम चालू होते. तेथे मापे घेणाऱ्याच्या जागी, ज्यांची मापे घेतली गेली त्या समाजातील मनुष्य येऊन बसला होता.

मरुतायूर ते मद्रास

अय्यप्पन यांचा जन्म १९०५ साली दक्षिण मलबारमधील मरुतायूर या गावी झाला. हा भाग तेव्हा मद्रास इलाख्यात होता. गुरुवायूरचे प्रसिद्ध मंदिर तेथून फारसे दूर नाही. १९३१-३२ मध्ये गुरुवायूरला मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला आणि तरीही १९४७ पर्यंत अवर्णांना त्या मंदिरात पाऊल ठेवता आले नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे अय्यप्पन ज्या परिसरात लहानाचे मोठे झाले त्याची कल्पना येते.

इरव हा नारळाच्या झाडाशी बांधला गेलेला समाज. माडाची लागवड, ताडी काढणे, काथ्याचे काम हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. काही घराण्यांत वैद्यकीही चालत आलेली. आपले पूर्वज सिंहलद्वीपाहून आले अशी या समाजात जुनी परंपरा सांगितली जाते आणि तिच्या आधारे आपण मूळचे बौद्ध होतो असा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यात बळावला. कालिकतचे 'मितवादी' पत्राचे संपादक सी. कृष्णन् यांनी तर बौद्ध धम्माचा स्वीकारच केला. दुसरीकडे श्री नारायण गुरूंनी १८८८ मध्ये अरुविप्पुरम् येथे स्वतःच्या हाताने प्रतिष्ठापना करून पुरोहितशाहीस आव्हान दिले होते आणि १९०३ मध्ये त्यांच्या नावाने समाजाची संघटना उभी राहिली होती. वायकोमचा सत्याग्रह १९२४ मध्ये सुरू झाला तेव्हा अय्यप्पन एकोणीस वर्षांचे होते. अशा खळबळीच्या काळात हा तरुण मानववंशशास्त्राकडे वळला.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस ते मद्रासच्या संग्रहालयात मानववंशशास्त्र विभागात रुजू झाले. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले आणि १९३७ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या काळी मालिनोव्हस्की आणि रेमंड फर्थ यांच्यामुळे ही संस्था मानववंशशास्त्राचे मोठे केंद्र झाली होती. याच संस्थेत शिकून बाबासाहेबांनी १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी संपादन केली होती. मलबारच्या गावातून आणि महूच्या छावणीतून निघालेले दोन विद्यार्थी काही वर्षांच्या अंतराने त्याच दारातून आत गेले, ही गोष्ट आपल्याला मोलाची वाटल्यावाचून राहत नाही.

१९३७ मध्येच संग्रहालयाच्या बुलेटिनमध्ये त्यांचा नायाडी जमातीवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. मलबारच्या जातीव्यवस्थेत नायाडी सर्वांत तळाशी होते. त्यांचा स्पर्शच नव्हे तर जवळ येणेही विटाळ मानले जाई. रस्त्यापासून दूर उभे राहून ते मोठ्याने हाक मारीत आणि वाटसरूंनी टाकलेली भिक्षा, टाकणारा निघून गेल्यावर, उचलून नेत. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. इरव स्वतः विटाळाचे मानले गेले असले तरी इरवांच्या दृष्टीनेही नायाडी विटाळाचेच होते. बाबासाहेबांनी ज्यास श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आपल्या वरच्यांकडे बोट दाखविणे सोपे असते. आपल्या खालच्यांकडे माणूस म्हणून पाहणे अवघड असते. इरव घरातील संशोधकाने आपल्या पहिल्या मोठ्या अभ्यासासाठी नायाडींची निवड केली, ही निवड शास्त्रीय होती तितकीच नैतिकही होती, असे आम्हांस वाटते.

मात्र निव्वळ गौरव करून थांबणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. नायाडींवरील त्या प्रबंधाच्या नावातच सामाजिक आणि शारीरिक मानववंशशास्त्र असे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे थर्स्टन यांची मोजपट्टी अय्यप्पन यांनी संपूर्ण खाली ठेवली नव्हती. ज्या विद्येत ते वाढले तिच्या सवयी त्यांच्यातही होत्या. फरक हा की त्या विद्येचा भर त्यांनी हळूहळू बदलला. माणसाचे नाक केवढे यापेक्षा माणसाचे जीवन कसे बदलत आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखनात मध्यवर्ती होत गेला.

याची साक्ष १९४४ मध्ये बुलेटिनमधून आलेल्या इरव समाज व सांस्कृतिक परिवर्तन या विषयावरील त्यांच्या ग्रंथात आहे. येथे संशोधक आणि संशोधनाचा विषय एकच झाले. स्वतःच्या समाजातील कुटुंबपद्धती, भावाभावांतील बहुपतित्वाची चाल, विवाहविधी, व्यवसाय आणि सुधारणेच्या चळवळीने घडवलेले बदल यांविषयी त्यांनी लिहिले. ज्या चालींची नव्या पिढीला लाज वाटू लागली होती, त्याही त्यांनी लपविल्या नाहीत आणि त्यांचे भांडवलही केले नाही. आपल्या समाजाविषयी सत्य लिहावे आणि तरीही त्याच्या बाजूने उभे राहावे, ही कसरत ज्याने कधी केली आहे त्यालाच तिचे मोल कळेल. पुढे १९६५ मध्ये आलेल्या केरळमधील एका गावाच्या सामाजिक क्रांतीवरील ग्रंथात त्यांनी हाच धागा पुढे नेला. एका गावाच्या बदलास 'क्रांती' हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक योजला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

वीस वर्षांचे कार्य

१९४० मध्ये डॉ. एफ. एच. ग्रेव्हली यांच्यानंतर अय्यप्पन अधीक्षक झाले. संग्रहालयाच्या स्थापनेपासून जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याला पहिला भारतीय प्रमुख लाभला. जागतिक महायुद्ध चालू होते. अशा काळात, १९४२ मध्ये, संग्रहालयाने सी. शिवराममूर्ती यांचा अमरावतीच्या शिल्पांवरील बृहद्ग्रंथ बुलेटिनमधून प्रसिद्ध केला. अमरावतीच्या अभ्यासकांना आजही या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही. शिल्पांतील जातककथा, बुद्धचरित्रातील प्रसंग, वस्त्रे, अलंकार, वाद्ये, घरे, नौका यांची ओळख त्यात पटविलेली आहे. त्याचे श्रेय अर्थातच शिवराममूर्तींचे. पण विद्वानाला काम करू देणे, त्याच्या हस्तलिखितासाठी छपाईची व्यवस्था करणे आणि कठीण काळातही प्रकाशनमाला चालू ठेवणे, हे संस्थेच्या प्रमुखाचे काम असते. त्या कामाची नोंद मुखपृष्ठावर होत नाही.

१९५१ मध्ये संग्रहालयाने शंभरी गाठली. त्याच वर्षी परिसरातील व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलच्या वास्तूत राष्ट्रीय कलादालन सुरू झाले. राणीच्या स्मरणार्थ उभारलेली इमारत स्वतंत्र देशाच्या कलेसाठी खुली झाली.

१९५२ मध्ये संग्रहालयातील बौद्ध अवशेषांची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिचे लेखक अय्यप्पन आणि श्रीनिवासन हे होते. शिवराममूर्तींचा ग्रंथ विद्वानांसाठी होता. ही छोटी मार्गदर्शिका दालनात उभ्या असलेल्या प्रेक्षकासाठी होती. तिच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. १९५४ मध्ये टी. एन. रामचंद्रन यांचा नागपट्टिणम् व अन्य ठिकाणच्या बौद्ध कांस्यमूर्तींवरील ग्रंथ संग्रहालयाच्या बुलेटिनमधून आला. मग १९५६ मध्ये भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाचा सोहळा देशभर झाला आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती घडली. त्यानंतर चार वर्षांनी, १९६० मध्ये, दक्षिण भारताच्या विशेष संदर्भातील बौद्ध धम्माचा इतिहास आला.

या चार प्रकाशनांचा क्रम पाहिला की एक सूत्र दिसते. आधी दगडाचा अभ्यास, मग पाहणाऱ्यासाठी मार्गदर्शिका, मग धातूच्या मूर्तींचा अभ्यास आणि शेवटी सामान्य वाचकासाठी संपूर्ण इतिहास. वस्तूकडून माणसाकडे जाणारा हा प्रवास आहे. 'मेलेल्या कॉलेजा'ला बोलते करण्याचा हाच खरा उपाय होता. ही पुस्तके इंग्रजीत होती, ही त्यांची मर्यादाही आहे. ज्या लोकांनी संग्रहालयास ते नाव ठेवले होते त्यांतील बहुसंख्यांना ही पुस्तके वाचता येणारी नव्हती. तथापि पुढच्यांनी देशी भाषांत लिहावयाचे तर त्यासाठी लागणारा पाया या पुस्तकांनी घातला, हेही तितकेच खरे.

अय्यप्पन यांचे नागरी कार्य संग्रहालयाच्या आवारापुरते मर्यादित नव्हते. मद्रास सरकारने प्रांतातील आदिवासींच्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि त्यांचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळचा मद्रास प्रांत मलबारपासून ओरिसाच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. संविधान सभेचे काम चालू असतानाच्या या काळात आदिवासींच्या जमिनीचा, कर्जाचा, वेठीचा आणि शिक्षणाचा प्रश्न शासनापुढे मांडण्याचे काम एका संग्रहालयप्रमुखाने करावे, याचा अर्थ असा की, आदिवासी ही काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नसून ते या देशाचे नागरिक आहेत हे त्या संस्थेने मान्य केले होते.

निवृत्ती आणि नंतर

आरंभी उल्लेखिलेल्या १९६० च्या दोन ग्रंथांकडे आता पुन्हा वळू. संग्रहालयाच्या कार्यपद्धतीवरील ग्रंथाचे सहसंपादक एस. टी. सत्यमूर्ती हेच अय्यप्पन यांच्यानंतर अधीक्षक झाले. म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर बसून पुस्तक तयार केले. वस्तूची नोंद कशी ठेवावी, धातूला गंज चढू लागला तर काय करावे, दगडाला लोणा लागला तर काय करावे, मांडणी कशी करावी, या गोष्टी एका माणसाच्या डोक्यात राहिल्या तर त्या त्याच्याबरोबर घरी जातात. कागदावर उतरल्या तर संस्थेत राहतात. आपल्याकडे संस्था व्यक्तीवर उभ्या राहतात आणि व्यक्ती गेली की कोसळतात. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याने संस्थेला द्यावयाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे त्याच्याशिवाय चालण्याची तिची क्षमता. अय्यप्पन यांनी ती दिली.

निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. उत्कल विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचे अध्यापन केले. केरळ विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. केरळमधील आदिवासींच्या संशोधनकार्यातही त्यांनी मोठा वाटा उचलला. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. वायनाडच्या डोंगराळ भागात पूर्वी जमिनीबरोबर ज्यांची देवघेव होई, त्या पणिया जमातीवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये प्रकाशित झाला. नायाडींपासून सुरू झालेले लेखन पणियांपाशी येऊन थांबले. उण्यापुऱ्या अर्धशतकात त्यांची नजर उतरंडीच्या तळापासून हलली नाही.

आपल्यासाठी अर्थ

आता आपल्याशी संबंधित असा प्रश्न उरतो. बौद्ध शिल्पे, धातुकरंडक आणि मूर्ती वस्तुसंग्रहालयात असतात तेव्हा त्या कोणाच्या असतात? सोपारा येथील स्तूपात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेले करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत पोहोचले. मीरपूर खास येथील स्तूपाची मृण्मय शिल्पे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. आपल्यापैकी कितीजण ती पाहावयास जातात? आणि गेलेच तर त्यांचा अर्थ सांगणारे आपल्यापैकी कितीजण त्या संस्थांत काम करतात?

वारसा आपला आहे एवढे म्हटल्याने तो आपला होत नाही. त्याचे जतन करण्याची विद्या शिकावी लागते, त्याची नोंद ठेवावी लागते, त्यावर लिहावे लागते आणि पुढच्या माणसाला तयार करावे लागते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू वामनराव गोडबोले यांच्या परिश्रमांमुळे एकत्र आल्या. त्या आपल्या समाजाच्या दृष्टीने अमरावतीच्या शिल्पांइतक्याच मोलाच्या आहेत. कापडाला वाळवी लागते, कागद पिवळा पडून तुटतो, धातूला गंज चढतो. श्रद्धेने वाळवी थांबत नाही. ती थांबविण्यासाठी जाणकार हात लागतात. वंदना करून परत येणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. वंदनेनंतर नोंदवही उघडून बसणाऱ्यांची संख्या वाढली पाहिजे.

आपल्या मुलामुलींनी प्रशासनात, वैद्यकात, अभियांत्रिकीत जावे असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. त्यांच्यापैकी काहींनी पुरातत्त्व, पाली, पुराभिलेख आणि संग्रहालयशास्त्र यांकडेही वळावे. या क्षेत्रांत मान उशिरा मिळतो, पैसा बेताचाच मिळतो. परंतु इतिहास कोणी सांगावयाचा हे अखेर याच खोल्यांतून ठरते. थर्स्टन त्या खोलीत होते तोवर इरव हा मोजण्याचा विषय होता. अय्यप्पन त्या खोलीत गेले आणि इरव हा इतिहास लिहिणारा झाला. खोली तीच होती, शिल्पे तीच होती, कपाटे तीच होती. बसणारा बदलला आणि प्रश्न बदलले.

डॉ. अय्यप्पन यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला होता असे येथे सुचवावयाचे नाही आणि त्यांना आपल्या चळवळीचे कार्यकर्ते म्हणून मिरविण्याचाही आमचा हेतू नाही. ते एक निष्ठावंत शास्त्रज्ञ आणि शासकीय सेवक होते. पण भगवंतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हेही एक अंग आहे. आपल्या हाती आलेले काम कोणाचेही अहित न करता, सत्याला धरून आणि अनेकांच्या हितासाठी करणे, असा तिचा साधा अर्थ घेतला, तर वीस वर्षांच्या या सेवेस तो शब्द लावताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

चेन्नईस जाणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांनी एगमोरच्या त्या संग्रहालयात अवश्य जावे. अमरावतीच्या शिल्पांपुढे थोडा वेळ उभे राहावे. रिकामे आसन, पादुका, बोधिवृक्ष, धम्मचक्र यांच्या रूपाने तेथील प्राचीन शिल्पकारांनी तथागतांचे अस्तित्व दाखविले आहे. ती शिल्पे घडविण्यासाठी ज्यांनी दान दिले त्यांत चांभार होते, गृहपती होते, व्यापारी होते, भिक्षुणी होत्या. त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. जाती-व्यवसायाच्या उतरंडीवाचून एकाच स्तूपाभोवती ही नावे एकत्र नांदली. ती नावे वाचणारी, जपणारी आणि इतरांना समजावून सांगणारी माणसे प्रत्येक पिढीत निर्माण होत राहिली तरच तो स्तूप पुन्हा उभा राहील. डॉ. अय्यप्पन यांनी आपल्या पिढीचा वाटा उचलला. आपल्या पिढीचा वाटा अजून बाकी आहे.